पिवळ्या जाकिटाच्या मागं

सगळ्यात मागं राहायचं काम पप्पांना कोणी दिलं नव्हतं, त्यांनीच ते मागून घेतलं होतं. ते रेल्वेत होते, कर्जतला. घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जी इंजिनं लावतात, ज्यांना आमच्याकडे सगळेच बँकर म्हणतात, त्यांच्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. मागून कोण ढकलतंय हे गाडीत बसलेल्या माणसाच्या गावीही नसतं. पप्पांना त्याचं कधी काही वाटलं नाही. त्यामुळे कर्जतच्या सायकलवाल्यांनी दर नाताळच्या सुट्टीत कोल्हापूर ते कर्जत अशी राइड काढायचं ठरवलं, तेव्हा हे म्हणाले, मी शेपटाला राहतो. ज्याची चेन उतरेल, ज्याचे पाय भरून येतील, त्याच्यासोबत मी.

राइड कशासाठी, तर डोंगरातल्या वाड्यांमधल्या पोरींना शाळेत यायला सायकली मिळाव्यात म्हणून. पोरी सातवीपर्यंत शिकतात, पुढची शाळा लांब पडते, मग घरी बसतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचं लग्न लागतं. सायकलवाले ओळखीपाळखीच्या लोकांकडून वर्गणी जमवायचे आणि परत आले की दुसऱ्या दिवशी कडावच्या शाळेच्या मैदानात नव्या सायकली वाटायचे. चांगलं काम होतं. मी कधीच त्यात नव्हते. मला सायकल येत होती, एवढाच माझा आणि त्याचा संबंध.

आई मात्र पहिल्यापासून होती. तिची शाळेची व्हॅन आहे, आमच्या कडावच्या आजूबाजूची पोरं ती शाळेत सोडते आणि आणते. सुट्टी लागली की तीच व्हॅन राइडची मागची गाडी व्हायची. पाण्याचे कॅन, केळ्यांचे घड, ट्यूबा, पंप, एक औषधांचा डबा, आणि पुढच्या काचेखाली कापडी फलक. तिचं काम एकच. बाकी सगळ्यांची जाकिटं निळी असायची, शेपटाच्या माणसाचं पिवळं, पाठीवर चकाकणारे पट्टे असलेलं. पिवळ्याच्या मागं आपलं कोणी नाही. मागच्या गाडीनं पिवळ्याच्या मागं राहायचं, चारी इंडिकेटर लावून, सायकलच्याच वेगानं. काहीही झालं तरी पुढं जायचं नाही.

गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा पप्पांचा नियम. त्यामुळे दोघांचं बोलणं वेगळंच होतं. पप्पा मागं न बघता डावा हात वर करायचे आणि आई हॉर्न दोनदा वाजवायची. बस्स. आहेस का? आहे. कोल्हापूर ते कर्जत एवढाच संसार. पप्पा चेष्टेनं म्हणायचे, हिचं माझ्याशी जमतं कारण हिला माझं तोंड बघावं लागत नाही.

आणखी एक रीत होती. ज्याची सायकल मागच्या गाडीत चढली त्याची राइड मोडली. मग तो कितीही आजारी असो. वर्षभर त्याला चिडवायचे, या व्हॅनवाले, बसा, सीट धरून ठेवलीय. पप्पांची सायकल गाडीत एकदाही चढली नाही. म्हणजे इतकी वर्षं दोघं एकत्र कोल्हापूरहून आले, पण आईच्या शेजारच्या सीटवर ते एकदाही बसले नाहीत. तिथे केळी असायची.

गेल्या पावसाळ्यात पप्पा गेले. ड्यूटीवरून आले, जेवले, आडवे झाले, उठले नाहीत. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. आणि असतं तरी मला सांगता आलं नसतं, कारण त्या दिवसापासून मला भूल दिल्यासारखं झालं होतं. दात काढताना देतात ना, गाल आपलाच असतो पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो, तसं. मी पनवेलला ऑफिसला जात होते, डबा खात होते, कोणी विनोद केला तर हसत होते. लोक म्हणायचे, किती धीराची पोरगी आहे. धीर कसला डोंबलाचा! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

पण माझं एक वेळ राहू द्या. आईच्याही डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढरी साडी नेसून बसली, सगळ्यांबरोबर वंदना म्हटली, मग उठून पंगतीत खीर वाढायला लागली. वस्तीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. "रडवा गं तिला कोनीतरी, आतल्या आत कोंडून मरंल ती," असं एक म्हातारी माझ्या कानाशी लागून म्हणाली. जसं काही माझ्या हातात नळाची चावी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं शाळेची व्हॅन काढली.

आणि मग पावसाळा संपल्यावर तिनं कपडे देऊन टाकले. सगळे. शर्ट, पँट, स्वेटर, एका चादरीत बांधून कोणाकोणाला दिले. मी संध्याकाळी घरी आले तर कपाटाचा एक कप्पा रिकामा. त्याचंही मला काही वाटलं नाही. पण मग लक्षात आलं, दारामागच्या खुंटीवरचं पिवळं जाकीटही गेलंय.

"जाकीट कुठंय?"

"दिलं."

"कोणाला?"

"दिलं ना एकदा."

एवढ्या महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी झालं, ते म्हणजे राग. मी खूप बोलले. तुला काही वाटतं की नाही, तू माणूस आहेस की लाकूड, असंही बोलले. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "कापडं घालायला असतात गं, कवटाळायला नाय," म्हणाली. मी ताटावरून उठून गेले. त्यानंतर आमच्यात फक्त कामापुरतं उरलं. पाणी आलंय. गॅस संपला. उद्या उशीर होईल. मी पनवेलला खोली बघायला लागले. एक मैत्रीण होती, दोघींत घेणार होतो, नव्या वर्षात राहायला जायचं नक्की झालं. आईला सांगितलं नाही. मला वाटलं, गेल्यावरसुद्धा हिला आठवड्यानं कळेल.

राइडचे म्होरके आहेत एक रिटायर्ड शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात. ते डिसेंबरच्या सुरुवातीला घरी आले. चहाचा कप हातात धरून इकडचं तिकडचं बोलत बसले. शेवटी आईच म्हणाली, "गाडी मी काडीन सर. त्याची काळजी नको."

"ते झालंच," सर म्हणाले, "पण शेपटाला कोण?"

"मी," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. कशासाठी म्हणाले ते मला विचारू नका. पप्पांच्या जागेवर दुसरा कोणी दिसला असता तर मी त्याच्या नरडीचा घोट घेतला असता, एवढंच कारण मला सापडतं. सर म्हणाले, नवं पिवळं जाकीट शिवायला टाकू का? मी म्हटलं, नको. जे होतं ते राहिलं नाही, आता कशाला. आई कप उचलून आत गेली. ते तिला ऐकू जावं म्हणूनच मी बोलले होते.

त्या रात्री मी तिच्या दारात उभी राहून म्हटलं, "तू फक्त माझ्या मागं राहा. बाकी काही नको."

"ऱ्हाईन," आई म्हणाली.

मनात मी ठरवलं होतं की एवढं एक करायचं आणि मोकळं व्हायचं. ही राइड पप्पांची. ती आईनं माझ्या मागं राहून पुरी केली तर ठीक, निदान आमच्यात काही तरी होतं असं म्हणता येईल. मग मी जाईन.

राइडचं काय सांगू? कोल्हापूरची थंडी, कराडचा ऊस, साताऱ्यापुढचा तो मेला खंबाटकी. लोक म्हणत होते किती सुंदर सूर्योदय. मी बघत होते, दिसत होता, इतकंच. पाय फिरत होते, ते माझेच होते असं ढुंगण दुखायचं तेव्हा कळायचं. निळ्या जाकिटात मी सगळ्यांच्या मागं आणि माझ्या मागं आईची गाडी. मी डावा हात वर करायचे. हॉर्न दोनदा वाजायचा. दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं, आणि तेही मी पुन्हा पुन्हा काढत होते. गरज नसताना हात वर करायचे. ती प्रत्येक वेळी उत्तर द्यायची. जेवायला थांबलो की मात्र दोघी दोन टोकांना.

शेवटच्या दिवशी लोणावळ्याहून निघालो, बोरघाट उतरलो. ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली होती. दुपार कलली तेव्हा खोपोलीत शिरलो. तिथून सरळ गेलं की खालापूर, मग चौक नावाचं गाव, जुना मुंबईचा हायवे. उजवीकडे वळलं की पळसदरीवरून कर्जत. राइड दर वर्षी उजवीकडेच वळते. कंपन्यांची पाळी नुकतीच सुटली होती. रस्ता माणसांनी, रिक्षांनी, मोटारसायकलींनी भरलेला, त्यात एक भलामोठा ट्रेलर आडवा होऊन वळत होता. पुढचे सगळे उजवीकडे वळले, त्यांच्यामागून मी वळले. आई ट्रेलरच्या पलीकडे अडकली असणार. येईल, म्हटलं.

गर्दी मागं पडली, रस्ता मोकळा झाला. मी हात वर केला.

हॉर्न नाही.

थोडं पुढं जाऊन परत केला. परत नाही. शेपटाच्या माणसानं मागं बघायचं नसतं. पप्पांनी कधी बघितलं नाही. मी बघितलं. मागं रस्ता होता आणि एक कुत्रं चाललं होतं.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. नियम! मेल्या माणसाचा नियम पाळायला ही पक्की. सरांना फोन करून सांगितलं, तुम्ही व्हा पुढं, गाडी मागं राहिलीय, मी घेऊन येते. सर म्हणाले, आम्ही पोचतोच आता, सगळे आपापल्या घरी जातील, तू काळजी करू नको. मी सायकल वळवून खोपोलीत आले. नाक्यावर एक बाई पाटीत पेरू घेऊन बसली होती. तिला विचारलं, शाळेची गाडी बघितली का, पुढं फलक लावलेली?

"ती व्हय? ती गेली की सरळ," ती म्हणाली. "एका सायकलवाल्याच्या मागं मागं, हलू हलू. हिकडं दिवे लुकलुकतायत. आमाला वाटलं वरात हाय का काय! आनि एकटाच नवरा, तो बी सायकलीवर!" ती हसत हसत शेजारणीला सांगायला लागली.

कप्पाळ! कोणाच्या मागं गेली ही? आमचं कोणीच सरळ गेलं नव्हतं. मी सायकल फुटपाथला टेकवून तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं चुकली नाही. पप्पांच्या वेळी एकदाही चुकली नाही. मी एकच गोष्ट मागितली होती, मागं राहा, आणि हिला शेवटच्या दिवशी, घर हाताशी आल्यावर, तेवढंही जमलं नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. पनवेलच्या मैत्रिणीला तिथूनच फोन करून सांगावं, उद्याच येते म्हणून, असं वाटलं. फोन हातात घेतला आणि तो वाजला. आईचा नंबर. आवाज बाप्याचा.

मी फोन कानाला दाबून धरला, रिक्षांच्या गोंगाटात नीट ऐकू यावं म्हणून.

"ताई, घाबरू नका," तो म्हणाला. "ह्या बाई तुमच्या आई हायत ना? ह्यांच्या फोनवर तुमचा फोन येऊन गेलेला दिसला म्हणून लावला. इथं चौकाला धाब्यावर बसवलंय त्यांना. चा सांगितलाय."

"काय झालं? अपघात झाला?"

"नाय नाय. अवो, माझ्या मागं आल्या त्या. खोपोलीपासून. मी हात केला, पुढं जावा म्हणून, तर हॉर्न दोनदा वाजवला आनि पुन्ना मागंच. मी परत हात केला. परत हॉर्न. मला कायबी कळंना. मी काय चोरी केलीय का? शेवटी हितं उतरलो नि काचेवर टकटक केली. तर माझ्याकडं नुसत्या बघत बसल्या."

मी काय बोलले आठवत नाही. येते म्हटलं असणार.

खोपोलीपासून चौकापर्यंत मी एकटी गेले. त्या रस्त्यावर ट्रक आणि टेंपो असे अंगावरून जातात की हवेनं सायकल हलते. कोल्हापूरपासून ते तसेच जात होते, पण माझ्या मागं गाडी होती, दिवे होते, ते लांबूनच वळून जायचे. आता ते कानाजवळून जायला लागले. पाठीला गार वारा लागत होता. जाकीट तेच होतं, वाराही तोच असणार. खालापूर मागं पडलं आणि मला एकदम भीती वाटायला लागली, लहान मुलीसारखी, गर्दीत हात सुटलेल्या. पप्पा गेले तेव्हा अशी वाटायला हवी होती. तेव्हा नाही वाटली, ती इथे, भर हायवेवर, ट्रकच्या धुरात. मी मोठ्यानं दोन-तीन शिव्या दिल्या. ट्रकला दिल्या की आईला, माहीत नाही.

चौकाला धाब्यासमोर गाडी दिसली. चारी इंडिकेटर अजून चालूच. आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, पुढ्यात चहा, त्यावर साय धरलेली. आणि शेजारी सायकल धरून एक माणूस उभा, पन्नाशीचा, दाढी पिकलेली, हँडलला जेवणाचा डबा टांगलेला. त्याच्या अंगात पिवळं जाकीट होतं. पाठीवर चकाकणारे पट्टे. छातीवर राइडचं नाव, आमच्या राइडचं, धुऊन धुऊन पुसट झालेलं.

मी सायकलवरून उतरायची विसरले. एक पाय जमिनीवर टेकवून तशीच त्या जाकिटाकडे बघत राहिले. मग मी जे बोलले ते पहिलं वाक्य असं होतं, "हे तुमच्याकडे कसं आलं?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. चोराला विचारावं तसं.

तो गडबडला. "दिलंय मला ताई. दोन वर्सं झाली. मी कंपनीतनं घरी चाललो होतो, रातपाळीला लाइट नसतो सायकलीला, तर एका सायकलवाल्या साहेबांनी आडवलं. म्हनाले, तुमी अंधारात दिसत नाय, कोनी ट्रकवाला उडवील. पिशवीतनं हे काढलं, स्वताच्या हातानं अंगात घातलं माझ्या, चेन लावली. वर दम दिला, घडी करून पेटीत ठिवू नका. ते तुमचे कोन?"

"वडील."

"बरे हायत ना?"

मी आईकडे बघितलं. ती चहाकडे बघत होती. मग मीच म्हटलं, "वारले. पावसाळ्यात." हा शब्द मी तोपर्यंत एकदाही उच्चारला नव्हता. गेले म्हणायचे, नाहीत म्हणायचे.

त्यानं सायकल स्टँडला लावली. दोन्ही हात पुढ्यात उघडे धरले, ओठातल्या ओठात काही म्हटलं, आणि हात तोंडावरून फिरवले. मग जाकिटाची चेन खाली ओढली आणि एक हात बाहेर काढायला लागला. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, मी हात पुढे करणार होते.

"घाला, घाला ते," आई म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. "अंधार पडंल आता. त्याच्यासाठीच दिलंय."

मग माझ्याकडे न बघताच ती सांगायला लागली. दर साली राइड संपली की पप्पा त्या सालचं जाकीट घेऊन एखाद्या संध्याकाळी खोपोलीच्या रस्त्यावर उभे राहायचे, पाळी सुटायच्या वेळेला, आणि बिनदिव्याचा सायकलवाला दिसला की त्याला गाठायचे. नवं पुढच्या राइडला मिळायचंच. "गेल्या सालचं तेवढं ऱ्हायलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करत ऱ्हायले. खुंटीला लटकत होतं. मंग मीच आली खोपोलीला. दिलं एका पोराला."

"मला सांगायचं नाही?" मी म्हटलं. "मी विचारलं होतं तुला, कोणाला दिलं!"

"इचारलंस. ऐकाया थांबलीस कुठं. भांडाया लागलीस."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पप्पांची मेल्यावरही गेली नव्हती, आईकडे आली होती, आणि मी त्याच्यावरून तिला लाकूड म्हटलं होतं.

तो माणूस निघाला. जाताना आईला म्हणाला, "बाई, सावकाश जावा." आई मान हलवून त्याच्याकडे बघत राहिली, म्हणजे त्याच्या पाठीकडे. तो जरा डावीकडे झुकून सायकल चालवतो. पप्पा तसेच चालवायचे, गुडघ्यामुळे. वळणावर पिवळं दिसेनासं झालं.

"तुला कळलं नाही का गं?" मी विचारलं. "दुसराच कोणीतरी आहे ते?"

"कळलं."

"कधी?"

"खालापुराच्या अल्याड. डबा दिसला ना हँडलला. ह्यांच्या सायकलीला कुठला डबा."

"मग थांबली का नाहीस?"

आईनं चहाची साय बोटानं काढून बशीच्या कडेला लावली. "त्यानं हात वर केला गं," ती म्हणाली. "मी हॉर्न दिला. मंग कशी थांबू?"

मी उठले. गाडीचं मागचं दार उघडलं, केळ्यांच्या रिकाम्या पाट्या बाजूला सारल्या आणि माझी सायकल उचलून आत घातली. आई बघतच राहिली.

"अगं, राइड मोडंल."

"मोडू दे."

"घर आलंय की. एवढं आल्यावर कोन..."

"मोडू दे म्हटलं ना." पुढच्या सीटवरच्या पिशव्या मी पायाशी टाकल्या आणि तिच्या शेजारी बसले.

चौकाहून कर्जतच्या रस्त्याला लागलो. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की आपण चालतोय कसे. रस्ता पुढं मोकळा होता, काळं कुत्रं नव्हतं, आणि आई सायकलच्या वेगानं गाडी चालवत होती. मागून हॉर्न वाजत होते. एक मोटारसायकलवाला शेजारून जाताना काहीतरी बोलून गेला, बायका ड्रायव्हर वगैरे, तेच ते.

"आई, जरा दाब की. पुढं कोणी नाही."

"तेच ना," आई म्हणाली. "पुढं कोनी नाय." तिनं पाय दाबला, गाडी थोडी पळाली, आणि परत आपोआप हळू झाली.

मग मी सांगून टाकलं. पनवेलला खोली घेतलीय. नव्या वर्षात जाणार आहे. तिकडूनच ऑफिसला बरं पडेल. असलं काहीबाही.

"म्हाइत हाय," आई म्हणाली. "तुज्या मैत्रिनीची आई भेटली होती बाजारात."

म्हणजे हिला महिनाभर माहीत होतं. सगळ्या राइडभर माहीत होतं, आणि प्रत्येक वेळी मी हात वर केला तेव्हा ही हॉर्न देत होती.

कर्जत आलं. स्टेशनबाहेर आमच्यातले दोघं-तिघं सरांबरोबर चहा पीत उभे होते, त्यांनी मला पुढच्या सीटवर बघितलं. एकानं "या व्हॅनवाले!" म्हणून तोंड उघडलं असणार, पण सरांनी त्याच्या दंडाला धरलेलं मला आरशात दिसलं. आई थांबली नाही. गाव संपलं, कडावचा रस्ता लागला, दोन्हीकडे भात कापून रिकामी झालेली खाचरं आणि मध्ये मध्ये वालाची हिरवी पट्टी. दिवस मावळत होता.

"जायाचं तर जा," आई एकदम म्हणाली. "मी कोन आडवनारी? पन एक सांगू? मगाशी नाक्यावर तुमी वळलेली मला दिसली. निळी निळी चार-पाच वळली, त्यातली तू कुठली ते मला नाय कळलं. त्यांची पाठ मी झोपेत पन वळखीन. तुजी मला येत नाय." तिनं गिअर बदलला. "पोटची पोर हायस. जरा सवय होऊ दे मला. मंग जा."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कोणाच्या तरी अंगणात बाई म्हशीची धार काढत होती. मला रडू यायला हवं होतं, आणि गालाला बोट लावावं तसं मी आत चाचपून बघितलं, अजून बधिरच होतं. पण कडेकडेनं मुंग्या यायला लागल्या होत्या.

"थांबव," मी म्हटलं.

आईनं गाडी कडेला घेतली. मी उतरले, मागून सायकल काढली, गाडीच्या पुढं गेले. मोडलेली राइड पुन्हा जोडली जात नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी पेडल मारलं. माझ्या मागं इंजिन सुरू झालं, आणि हेडलाइटचा उजेड माझ्या दोन्ही बाजूंनी पुढं रस्त्यावर पडला. त्यात माझीच सावली होती, लांबच लांब, डोकं पार पुढच्या वळणाला लागलेलं. मी सरळ बसले. बघू दे तिला नीट.

कडावचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी डावा हात वर केला.

काहीच नाही. मी हात तसाच वर धरला. मग हॉर्न वाजला. एकदा, आणि दुसऱ्यांदा जो वाजला तो थांबेचना. वाजतच राहिला, गाडी थांबली तरी वाजत राहिला. घराघरांतून लोक बाहेर यायला लागले, कोण मेलं काय झालं विचारत. आईचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं होतं हे मला मागं न बघता कळलं. मीही रस्त्यात थांबले होते. हात मी खाली घेतला नाही.